मिशिगनमधले ग्रामसेवक

नाना गेले त्याला आता सात आठवडे झाले. भेटेल तो विचारतो, "सावरलीस का गं?" आणि मी "हो" म्हणून मोकळी होते, कारण "नाही" म्हटलं की पुढं बोलत बसावं लागतं. खरं सांगायचं तर दुःखापेक्षा थकवाच जास्त आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती काढणं, इन्शुरन्सवाल्यांच्या फोनवर तासतास ताटकळणं, व्हिसा मिळाला नाही म्हणून तिकडे साताऱ्यात अडकून पडलेल्या त्यांच्या लेकीला, माझ्या नणंदेला, रोज व्हिडिओ कॉल करून तिचं रडणं ऐकणं... आणि या सगळ्यात कधीतरी ऑफिस. मी ट्रॉयमध्ये, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करते. जानेवारीतल्या त्या मंगळवारी मी तिथंच मीटिंगमध्ये होते. फोन टेबलावर पालथा ठेवला होता. उचलून पाहिला तर सुहासचे, माझ्या नवऱ्याचे, तीन मिस्ड कॉल. तो त्या दिवशी घरून काम करत होता. "नाना बाथरूमच्या दाराशी पडलेत. तोंड वाकडं झालंय. अँब्युलन्स आलीय, तू सरळ हॉस्पिटललाच ये," एवढंच तो म्हणाला.

त्यानंतर नाना चार दिवस होते, पण बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी सुहास अंघोळीला घरी गेला होता आणि मी त्यांच्या खाटेशेजारी मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं एक मेल लिहीत होते. नर्सने माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा मी वर न बघताच "एक मिनिट" म्हटलं. मग तिच्याकडे पाहिलं. ते मेल मी पुढं कधी पूर्ण केलंच नाही.

सासऱ्यांवर सुनेने लिहायचं म्हणजे लोकांना वाटतं, आता ही त्यांचे गुण गाणार. नाना फार गोड माणूस होते असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. जेवताना भाजीत मीठ किती हवं होतं हे रोज सांगायचे. पण त्यांनी इथं, या परक्या मुलखात, जे काही केलं ते मी सोडून कोणाला नीट माहीत नाही, कारण त्यांना गाडीतून नेणारी आणि त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगणारी मीच होते. म्हणून लिहितेय.

नाना खटाव तालुक्यात ग्रामसेवक होते. एकतीस वर्षं, सात गावांत. निवृत्त झाले, घर बांधलं, आणि दोन वर्षांत सासूबाई गेल्या. मुलगा एकच, सुहास; मुलगी सासरी. आम्ही तोवर अमेरिकेचे नागरिक झालो होतो, म्हणून नानांचं ग्रीन कार्ड करता आलं. ते आले ते मनाविरुद्धच. पाच वर्षांपूर्वीच्या जून महिन्यात आम्ही त्यांना विमानतळावरून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन ते बाहेर ड्राइव्हवेवर जाऊन उभे राहिले, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि आत येऊन सुहासला म्हणाले, "गाव कुठंय?"

"हेच गाव, नाना."

"हे? ही तर घरं झाली. गाव कुठंय?"

सुहास हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण इथं राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यात मलाही हेच विचारावंसं वाटलं होतं. फक्त कोणाला विचारायचं ते कळलं नव्हतं. ट्रॉयच्या आणखी वर, शहर संपून मक्याची शेतं सुरू होतात तिथं आमची ही छोटी टाउनशिप आहे. नाव सांगून उपयोग नाही, शेजारच्या काउंटीतल्यांनाही ते माहीत नसतं. आम्ही कोणी विचारलं तर 'डेट्रॉईटजवळ' म्हणतो. शेतं विकली गेली तशा त्यांच्यावर वसाहती उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक वसाहतीला तिथून नाहीशा झालेल्या गोष्टीचं नाव मिळालं, कुठं कोल्ह्याचं, कुठं ओकच्या राईचं. मधे मधे अजून जुनी फार्महाऊस आहेत. मेन स्ट्रीट नाही, बाजार नाही. एक फायर स्टेशन, दोन चर्च, एक सफरचंदांची बाग आणि एका आवारात टाउनशिप हॉल नि लायब्ररी. बाकी गवत. इतकं गवत की नाना म्हणाले, "एवढ्यात आमच्याकडच्या सात गावांची जनावरं जगली असती. आणि हे लोक कापून टाकतात!"

पहिला हिवाळा त्यांनी खिडकीशी बसून काढला. मी सकाळी निघताना ते तिथं असायचे आणि संध्याकाळी परत आल्यावरही तिथंच. बर्फ वितळल्यावर एक दिवस छत्री घेऊन बाहेर पडले. आमच्या वसाहतीत फूटपाथ आहे, पण वसाहतीच्या दारात तो संपतो. पुढं लायब्ररीपर्यंत सव्वा मैल नुसता डांबरी रस्ता, कडेला हातभर खडी, आणि मग खोल चर. गाड्या ताशी पन्नास मैलांच्या वेगाने जातात. नाना त्या खडीवरून रोज लायब्ररीत जायला लागले. तिथं दोन तास बसायचे, मासिकांतली चित्रं बघायचे, आणि परत.

तीन आठवड्यांनी पोलिसाची गाडी त्यांना घेऊन आमच्या दारात आली. कोणीतरी फोन केला होता, 'एक अनोळखी माणूस हातात काठी घेऊन मेलबॉक्स तपासत चाललाय' म्हणून. काठी म्हणजे छत्री. पोलीस तरुण होता, चांगला होता, दोनदा सॉरी म्हणाला. नाना सोफ्यावर बसून राहिले. मी पाणी दिलं ते हातातच धरून म्हणाले, "मी त्या पेट्यांवरचे घरांचे नंबर बघत होतो गं. सवय आहे. ओळीने लावलेत, पण मधले दोन नंबर गायब आहेत... तेवढंच बघत होतो." मग म्हणाले, "एकतीस वर्षांत पोलीस माझ्या दाराशी आला तो बंदोबस्ताचं विचारायला. असा कधी आला नाही."

मी म्हटलं, "नाना, काही दिवस बाहेर चालू नका. आपल्या वसाहतीतच फिरा."

ते नऊ दिवस घराबाहेर पडले नाहीत. वसाहतीतसुद्धा फिरले नाहीत.

दहाव्या दिवशी टपालात एक पिवळं कार्ड आलं. असली कार्डं आम्ही सरळ रद्दीत टाकतो. नानांनी ते डिक्शनरी घेऊन वाचलं आणि मी आल्या आल्या माझ्यासमोर धरलं. कोणाला परसात कोंबड्या पाळायच्या होत्या, त्यावर टाउनशिपच्या मंडळासमोर जाहीर सुनावणी होती. "मेघना, ही ग्रामपंचायत आहे!" नाना म्हणाले. त्यांचा आवाज मी कित्येक महिन्यांत असा ऐकला नव्हता. "बघ. सुपरवायझर म्हणजे सरपंच. ट्रस्टी म्हणजे सदस्य. आणि हा क्लार्क... म्हणजे मी! तुम्ही इथं इतकी वर्षं राहताय, सांगितलं नाहीत?"

आम्हालाच ठाऊक नव्हतं तर काय सांगणार?

त्या गुरुवारी संध्याकाळी सातला मी त्यांना घेऊन गेले. खरं तर दिवसभर काम करून डोकं भणभणलं होतं, ईशाची, माझ्या मुलीची, पोहण्याची शिकवणी होती, घरी स्वयंपाक व्हायचा होता. हॉलमध्ये आमच्यासह मोजून आठ माणसं. सगळे झेंड्याकडे तोंड करून उभे राहिले तेव्हा नानाही ताठ उभे राहिले. मग अर्ध्या एकरात किती कोंबड्या आणि कोंबडा चालेल की नाही यावर पाऊण तास चर्चा झाली. मला जांभया आवरत नव्हत्या. नाना मात्र खुर्चीच्या काठावर बसून एकेकाचं तोंड बघत होते. कोंबडा नामंजूर झाला. परतताना गाडीत म्हणाले, "कोरम होता. ठराव नीट वाचून दाखवला. ती बाई हुशार आहे."

ती बाई म्हणजे डोना, टाउनशिपची क्लार्क. सत्तरीला आलेली, पांढऱ्या केसांची, दर निवडणुकीत न चुकता निवडून येणारी. दुसऱ्या महिन्यात नानांनी तिला माझ्यामार्फत सांगितलं की तेही क्लार्क होते, सात गावांचे. डोनाने त्यांना आतल्या खोलीत नेऊन कपाट उघडलं. जुन्या सभांची शाईने लिहिलेली इतिवृत्तं होती, चामड्याच्या बांधणीतली. नाना पानं उलटत राहिले. इंग्रजी अक्षर त्यांना सगळं लागत नव्हतं, पण एका वहीवर बोट ठेवून मला म्हणाले, "हा आळशी होता. खाली जागा सोडून सही केलीय. मागाहून लिहायला." मी ते डोनाला सांगितलं. ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. म्हणाली, त्या माणसाबद्दल गावात तसंच बोलतात.

पुढं लायब्ररीत न जाता नाना डोनाच्या ऑफिसात जायला लागले, अर्थात त्याच खडीवरून चालत. मी पुन्हा मनाई केली नाही. केली असती तरी ऐकली नसती. तिथून माहिती आणून त्यांनी एक तक्ता केला, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर असतो तसा. वर ठळक अक्षरात 'गावाची माहिती'. सार्वजनिक विहिरी: नाहीत, प्रत्येकाची आपापली. पार: नाही. बसण्याची जागा: लायब्ररी. बाजार: चार मैलांवर, गाडी लागते. स्मशानभूमी: आहे, स्वच्छ. आणि सगळ्यांत शेवटी, गावात चालणारी माणसं: एक.

तो तक्ता बघून मी हसले. ते हसले नाहीत. "आता मला बोलायचंय," म्हणाले. "तीन मिनिटं देतात ना?"

दर सभेच्या शेवटी कोणीही रहिवासी उठून तीन मिनिटं बोलू शकतो, नागरिक असो वा नसो. नाना उठले. मी शेजारी उभी. ते मराठीत बोलले, सावकाश, एकेक वाक्य तोलून: "तुम्ही सगळे इथं मोटारीतून आलात. म्हणून तुम्हाला रस्ता दिसतो, कडेने चालणारा माणूस दिसत नाही. मला या गावात पोलिसांनी गाडीत घातलं, ते मी चाललो म्हणून. चालणं हा इथं गुन्हा असेल तर तसा ठराव करा. नसेल तर मला चालायला वाट द्या."

मी भाषांतर केलं. म्हटलं, माझ्या सासऱ्यांना चालायला फार आवडतं, आणि मंडळाने फूटपाथचा विचार केला तर ते आभारी राहतील.

सुपरवायझर मान हलवून म्हणाले, कल्पना छान आहे, पण तो रस्ता टाउनशिपचा नाही, काउंटीचा आहे. हे मात्र मी तंतोतंत सांगितलं. नाना खदखदून हसले. सगळे बघायला लागले. "अगं, हेच! अगदी हेच वाक्य मी एकतीस वर्षं लोकांना सांगत आलो. रस्ता आमचा नाही, जिल्हा परिषदेचा आहे!"

पण गाडीत बसल्यावर त्यांचं हसू मावळलं. वसाहतीच्या दाराशी आलो तेव्हा म्हणाले, "मी एवढं बोललो आणि तू एवढंसंच सांगितलंस."

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, नाना."

"असेल. पण 'पोलीस' हा शब्द दोन्हीकडे सारखाच आहे. तो ऐकू आला नाही."

मला राग आला. दिवसभराचा शीण होता, त्यातून हे. मी गाडी गॅरेजसमोर थांबवली आणि म्हटलं, "नाना, तुम्हाला कळत नाही. ही माणसं आपले शेजारी आहेत. ईशा त्यांच्या मुलांबरोबर शिकते. आम्हाला इथं राहायचंय."

ते दार उघडता उघडता म्हणाले, "मला पण आता इथंच राहायचंय की."

एवढंच. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी मला उभं राहू दिलं नाही. महिनाभर ईशाकडून शिकवणी घेतली होती. ती म्हणायची, "आजोबा, से इट स्लोली," आणि ते पुन्हा पुन्हा म्हणायचे. हॉलमध्ये ते एकटे माइकसमोर गेले, चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, "गुड इव्हनिंग. आय वॉक. रोड इज फॉर कार. डिच इज फॉर वॉटर. फॉर मॅन, व्हेअर?" आणि जागेवर येऊन बसले. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिटही झालं नव्हतं. डोना खाली मान घालून लिहीत होती. पुढं वर्षभर ते दर महिन्याला हेच चार वाक्यांचं भाषण करत राहिले, आणि मी दर महिन्याला मागच्या रांगेत बसून घड्याळ बघत राहिले. हे आज लिहायला बरं वाटत नाही... पण मी घड्याळच बघत होते.

मग हळूहळू दुसरे लोक येऊ लागले. एक बाबागाडीवाली आई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला एक माणूस. काउंटीने सांगितलं, टाउनशिपला स्वतः वाट करायची असेल तर आमची हरकत नाही. आणि मग विरोध आला. त्या सव्वा मैलापैकी मधला मोठा पट्टा वॉल्टर नावाच्या शेतकऱ्याच्या जमिनीला लागून आहे. वय ऐंशीच्या वर, बायको गेलेली, शेत दुसऱ्याला कसायला दिलेलं. तो सभेत येऊन म्हणाला, रस्त्याकडेची सात मेपलची झाडं त्याच्या बायकोने लावलेली आहेत, आणि त्यांना हात लावायला कोणी आलं तर तो कोर्टात जाईल. सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, संपलं आता.

गाडीत नाना म्हणाले, "त्याचं बरोबर आहे. रविवारी त्याच्याकडे जायचं."

पहिल्या रविवारी वॉल्टरने दार उघडलं नाही. दुसऱ्या रविवारी उघडलं, पण आत घेतलं नाही. नानांनी पिशवीतून मोजायचा टेप काढला आणि त्याचं एक टोक वॉल्टरच्या हातात दिलं. काय झालं कुणास ठाऊक, वॉल्टरने ते धरलं. मग दोघं म्हातारे झाडांपाशी गेले. मी गाडीत बसून ऑफिसचा फोन घेतला. तासाभराने मान वर केली तर ते अजून मोजत होते. एक जण टोक धरून उभा, दुसरा आकडा बघून ईशाच्या आलेखाच्या कागदावर टिपतोय. वॉल्टरला मराठी येत नव्हतं आणि नानांना ती चार वाक्यं सोडून फारसं इंग्रजी येत नव्हतं. नानांनी नकाशा काढला. वाट चराच्या पलीकडून, झाडांच्या मागून वळवली होती, शेताच्या बांधावरून म्हणा ना. वॉल्टरने तो बराच वेळ पाहिला आणि मला म्हणाला, "माझं म्हणणं एवढंच होतं, की मला न विचारता माझ्या जमिनीवर रेघ मारू नका. याने विचारलं."

त्यापुढं सगळं नियमाने झालं. वाटेसाठी थोडा कर लावावा लागणार होता, म्हणून प्रश्न नोव्हेंबरच्या निवडणुकीत लोकांसमोर गेला. नानांना, नागरिक नसल्यामुळे, मत नव्हतं. मी सकाळी ऑफिसला जाता जाता देऊन आले. सुहासला त्या दिवशी कामावरून निघायला उशीर झाला आणि त्याचं मतदान राहिलं. नानांनी त्याला विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी डोनाचा फोन आला. ठराव पडला होता, आणि थोडक्यात नव्हे, चांगलाच पडला होता. लोकांना कर नको होता, एवढंच. नाना म्हणाले, "मतदान ते मतदान. त्यावर बोलायचं नसतं." पण त्या हिवाळ्यात ते पुन्हा खिडकीशी बसायला लागले. भाजीत मीठ कमी आहे हेसुद्धा सांगेनात. मी एकदा मुद्दाम कमी घातलं. त्यांनी निमूट खाल्लं.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका शनिवारी ईशा बाहेरून ओरडत आली, "आजोबा, यू हॅव टू सी धिस!" वॉल्टर त्याचा गवत कापायचा ट्रॅक्टर घेऊन आला होता. झाडांच्या मागून, बरोब्बर नानांनी काढलेल्या रेघेवरून, त्याने आठ फूट रुंदीची पट्टी कापत आणली होती. ना काँक्रीट, ना कर, ना ठराव. नुसतं कापलेलं गवत, आणि तेही त्याच्या हद्दीपुरतं. पुढं आणि मागं पुन्हा खडीच. नाना त्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले, आणि ट्रॅक्टरवर बसलेल्या वॉल्टरकडे बघून त्यांनी हात वर केला. वॉल्टरनेही केला. दर दहा दिवसांनी तो गवत कापायचा. ऑक्टोबरपर्यंत नाना रोज जात होते. मग बर्फ पडला आणि बर्फाखाली पट्टी कुठं आणि शेत कुठं ते कळेनासं झालं.

डिसेंबरच्या सभेच्या दिवशी सकाळी नाना स्वयंपाकघरात येऊन म्हणाले, "मेघना, आज जायला हवं. वॉल्टरच्या आभाराचा ठराव मांडायचाय. पंचायतीने केलं नाही ते एका माणसानं केलं, त्याची नोंद इतिवृत्तात पाहिजे."

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात माणसं कमी केली होती. माझं नाव त्यात नव्हतं, पण गेलेल्या दोघांचं काम माझ्याकडे आलं होतं. मी म्हटलं, "नाना, आज नको ना. खूप दमलेय हो मी. जानेवारीत जाऊ."

"बरं, जानेवारीत," ते लगेच म्हणाले. वर "तू झोप जरा" असंही म्हणाले.

जानेवारीच्या सभेच्या दिवशी ते हॉस्पिटलमध्ये होते.

अंत्यविधीला आमची चार-पाच मराठी घरं आली होती, सुहासच्या ऑफिसातले काही जण, आणि मागच्या रांगेत डोना आणि वॉल्टर. वॉल्टरने जुना काळा सूट घातला होता, तो खांद्यांवर सैल झाला होता. मी त्याच्याजवळ जाऊन सांगितलं, की नानांना तुमच्या आभाराचा ठराव करून घ्यायचा होता, माझ्यामुळे राहिला. "ठराव कशाला?" म्हणाला. "तो रोज तिथून जाताना घराकडे बघून हात वर करायचा. दिवसभरात मला दुसरं कोणी हात करत नाही." डोनाने माझा हात दाबला आणि ती गेली.

गेल्या शनिवारी नानांच्या नावावर राहिलेलं एक पुस्तक लायब्ररीत परत करायचं होतं. गावांची जुनी छायाचित्रं असलेलं, मोठं, जड. गाडीची किल्ली हातात घेतली आणि मग का कोण जाणे, परत अडकवून ठेवली. चालत निघाले. वसाहतीच्या दाराशी फूटपाथ संपला आणि पाय खडीवर पडला तेव्हा लक्षात आलं, इतकी वर्षं इथं राहून, नानांच्या वाटेसाठी दर महिन्याला त्या हॉलमध्ये बसून, मी या रस्त्यावर एकदाही पायी आले नव्हते. एकदाही नाही. गाडीत दोन मिनिटं लागतात. ट्रक गेला की वाऱ्याने माणूस हलतो, हे मला माहीत नव्हतं. चराकडे खडीचा उतार आहे, त्यामुळे एकच घोटा दुखायला लागतो, हे माहीत नव्हतं. वॉल्टरच्या हद्दीत बर्फ वितळून नुसता चिखल झाला होता, बुटांना गोळे चिकटत होते. मी पुस्तक छातीशी धरून चालत होते.

मागून एक गाडी हळू झाली आणि शेजारी थांबली. पन्नाशीची एक बाई, काच खाली करून म्हणाली, "गाडी बंद पडली का? कुठं सोडू?"

"नाही, थँक्यू. मी चालतेय," मी म्हटलं.

"इथून? कुठपर्यंत?"

"लायब्ररीपर्यंत. माझे सासरे रोज जायचे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "छत्रीवाले गृहस्थ? ते तुझे सासरे? मी रोज कामावर जाताना त्यांना बघायची. खूप दिवसांत दिसले नाहीत."

मी तिला सांगितलं. ज्या बाईचं नाव मला माहीत नव्हतं आणि आजही नाही, तिला रस्त्याच्या कडेला उभं राहून सांगितलं, की ते जानेवारीत गेले. तिने इंजिन बंद केलं. मागून आलेली गाडी हॉर्न न वाजवता वळसा घालून गेली.

"मला वाटलं होतं, थंडीमुळे येत नसतील," ती म्हणाली. "बर्फ वितळला की दिसतील."

ती गेल्यावर मी उरलेला रस्ता चालले. वाटेत दोनदा थांबावं लागलं. पुस्तक काउंटरवर दिलं, आणि दाराजवळच्या खुर्चीत बसून चिखलाचे बूट बघत राहिले. मग सुहासला फोन केला आणि न्यायला ये म्हणून सांगितलं. परत चालत जायचं त्राण माझ्यात नव्हतं.

नाना मात्र रोज परतही चालतच यायचे.